गिऱ्हाईक जाईपर्यंत

धाकट्या बहिणीला जुळं झालं त्या आठवड्यातली गोष्ट. धाकटी अजून दवाखान्यातच होती, म्हणून आईपाशी थोरली एकटी होती.

सकाळी आईचा श्वास थांबला तेव्हा थोरली तिचे पाय चोळत होती. कळल्यावरही ती थोडा वेळ चोळतच राहिली. डॉक्टर आले, नाडी बघितली, मान हलवली आणि गेले. भाऊ पलंगाच्या कडेला बसला. वहिनीने आधी खिडक्या लावून घेतल्या.

थोरलीच्या छातीतून हुंदका वर येत होता, तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. शेजारचे काका होते. गल्लीतले सगळे त्यांना हळूकाका म्हणत. भांड्याला भांडं लागलं तरी कुंपणावरून त्यांचं "हळू!" ऐकू यायचं. गल्लीही त्यांना साजेशीच होती. फाटकांच्या बिजागऱ्यांना तेल, कुंपणं एका उंचीची, आणि कुत्री पाळलेली पण न भुंकणारी.

"डॉक्टरांची गाडी बघितली," काका म्हणाले. "फार वाईट झालं. मला आईसारखीच होती. एक विनंती होती. आज माझ्या घराला गिऱ्हाईक येतंय. नवरा-बायको आहेत, घरून निघालेत. शांत वस्ती आहे म्हणूनच येताहेत हो. दारात माणसं, रडारड, ती न्यायला येणारी गाडी... फाटकातूनच परत जातील. तासाभराचा प्रश्न आहे."

"काका, आई गेलीय," थोरली म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. गेलेलं माणूस थोडंच ताटकळतं?"

भाऊ मान वर न करता म्हणाला, "शेजारधर्म असतो, ताई. एक तास."

"आणि लेकाचा धर्म?"

वहिनीने एसी लावला. काकांनी खिशातून खोलीत मारायच्या सुगंधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. घरून घेऊनच आले होते. "लागली तर असू द्या," म्हणाले आणि पाय न वाजवता गेले.

थोरलीने टॉवेलचा बोळा तोंडात धरला. एक तास, तिने स्वतःला सांगितलं.

गिऱ्हाईक आलं ते दुपारी. थोरली पडद्याच्या फटीतून बघत होती. तरुण जोडपं होतं. त्यांनी नळ सोडून बघितले, भिंतींवर टिचक्या मारून बघितल्या. मग दोघं अंगणात डोळे मिटून उभी राहिली. काका बाजूला हात बांधून उभे होते, जणू ही शांतता त्यांनीच घरी करून ठेवली होती.

कुंपणाच्या अलीकडे भाऊ झाडांना पाणी घालत होता. घर नेहमीसारखं दिसावं म्हणून वहिनीने त्याला बाहेर पाठवलं होतं.

"तुमच्याकडे कोण कोण असतं?" त्या बाईने विचारलं.

"आम्ही दोघं. आणि आई. झोपलीय."

"बघा! भर दुपारी झोप लागते. आमच्याकडे हॉर्नच्या आवाजात रात्रीसुद्धा लागत नाही."

नवरा हसला. "तुमचं पण विकायचंय का? माझा भाऊ शोधतोय."

भावाने पाइप खाली धरला. पाणी त्याच्याच चपलांवर पडत राहिलं.

"आईमुळे अडलं होतं," तो म्हणाला. "आता बघू."

"आता म्हणजे?"

"म्हणजे... पुढेमागे." आणि त्याने फोन नंबर सांगितला.

तो पाय पुसत आत आला तेव्हा थोरलीने तोंडातला बोळा काढला होता.

"मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात, ऐकलं होतं रे. पण स्वतःच्या आईच्या?"

"हळू बोल ना," भाऊ म्हणाला. "गेले नाहीत अजून."

तिला वाटलं, दार उघडावं आणि अशी किंकाळी फोडावी की चार घरची माणसं धावत येतील. कोणाला तरी लाज वाटेल. ती दारापर्यंत गेलीही. तेवढ्यात गिऱ्हाइकाची गाडी सुरू झाली, वळणावर दिसेनाशी झाली, आणि गल्लीतली दारं आपोआप उघडू लागली. एकामागून एक, आवाज न करता.

सगळी गल्ली आली. पुरुषांचे बूट पुसलेले होते, बायकांचे केस नीट विंचरलेले होते. प्रत्येकाच्या हातात फुलं होती. फुलं सुकू नयेत म्हणून देठांना ओला कागद गुंडाळलेला होता. तोही एव्हाना वाळत आला होता.

हळूकाकांनी भावाला मिठी मारली. त्याच्या कानात म्हणाले, "जमलं!" मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फार वाईट झालं!" आणि थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"रड बाई आता. अगदी मोकळेपणाने रड."

थोरलीने तो हात बाजूला केला. तिला रडू आलं नाही. टॉवेलचा एक धागा जिभेला चिकटला होता. तो तिने बोटाने काढला आणि काकांच्या पुसलेल्या बुटांपाशी थुंकली. कोणी बघितलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

"कधी गेल्या हो?" कोपऱ्यावरच्या घरातल्या शिक्षिकेने वहिनीला विचारलं.

"आत्ताच. दोनच्या सुमारास. झोपेतच."

"चांगलं मरण आलं," शिक्षिका म्हणाली. "कोणाला त्रास नाही." सगळ्यांनी माना हलवल्या.

आई सकाळी साडेआठला गेली होती.