काका हार मानत नाहीत

"इंजिनवाली मेलीच," एवढंच आईला आज पुन्हा लिहायचं होतं, आणि बोटं वळत नव्हती.

आईच्या शिवणकामाच्या दुकानात भर दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मशीनवर कुणाच्या तरी पँटची अर्धवट उसवलेली चेन लोंबत होती. समोर बसून काजं करणारी हसून म्हणाली, "ताई, त्या बिचारीला अजून किती वेळा माराल?" मग तिने आईचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं.

मालिका अंतराळातली. शेवटच्या भागात यानावरची इंजिनवाली सगळ्यांशी भांडते, दार उघडते आणि काळोखात निघून जाते. दार मिटतं, मालिका संपते. पुढे त्या मालिकेवर कादंबऱ्या निघाल्या. त्यांत इंजिनवाली जगते, कुठल्या कुठल्या ग्रहांवर राहते, एकटीच गाणी म्हणते. झालं, चाहत्यांचे दोन तट पडले: पडद्यावरचंच धरणारे म्हणत मेली, पुस्तकं मानणारे म्हणत जगली. फोनवरच्या गटात रोज जुंपायची. "पुस्तकं म्हणजे कच्चं लिंबू," दातांचा एक डॉक्टर लिहायचा, "खेळू द्यायचं, पण धरायचं नाही." त्याच्या बाजूचे सगळ्यांत कडवे म्हणजे 'चष्मेवाले काका'. समोरून बहुतेक वेळा एकटी 'धूमकेतू' लढायची. "काका, तुम्ही पडद्यावर प्रेत पाहिलंत का? मग? दारातून गेलेलं माणूस मेलेलंच असतं का?"

धूमकेतू म्हणजे मुलगी. चष्मेवाले काका म्हणजे आई.

मुलगीही अशीच भांडून घरातून निघाली होती. शब्दाने शब्द वाढला आणि आई बोलून गेली, "दार उघडंच आहे." लेक गेली, मागे सावलीही ठेवली नाही. नंबर बदलला, पत्ता कुणाला ठाऊक नाही. तिच्या मैत्रिणीने एवढंच सांगितलं: बरी आहे, त्या मालिकेच्या गटात असते, तिथलं नाव हे.

आई गटात शिरली. बाईचा सूर पोरगी ओळखेल म्हणून काका झाली. 'म्हणते'चं 'म्हणतो' करायची, 'आले'चं 'आलो'. शिवण उलटी करून टाके बघावेत तसं प्रत्येक वाक्य तपासूनच पाठवायची. पहिल्या वेळी तिने मुलीचं म्हणणं लगेच मान्य केलं होतं. मुलीने एक हसरा चेहरा पाठवला आणि कितीतरी दिवस फिरकली नाही. तेव्हा आईला उमगलं. पटलं की पोरगी उठून जाते, नाही पटलं तर बसते. दोरा ओवलेली सुई हरवत नाही म्हणतात. हा वादच तो दोरा होता. म्हणून काकांनी हट्ट धरला. ग्रंथालयातून एकूण एक कादंबरी आणून वाचली, खोटी पाडायला. पान उलटताना मात्र मनात हात जोडलेले असायचे: खरी असू दे, बाई, खरी असू दे. पुस्तक मिटून, डोळे पुसून ती गटात लिहायची, मेली.

आज धूमकेतूने लिहिलं होतं, "काका, तुमच्यापुढे हात टेकले. सगळी पुस्तकं वाचूनही तुम्हाला ती मेलेलीच हवी आहे. मला नाही ऐकवत आता. आज मी हा गट सोडतेय."

मेली म्हणावं, तर जाते. जिवंत म्हणावं, तरी जाते.

"काहीतरी टाका ताई, लवकर," काजं करणारी कुजबुजली.

आईने लिहिलं. उलटं करून पाहिलं नाही. पाठवून दिलं.

"मी हरले. ती जिवंतच असू दे. जिथं असेल तिथं वेळेवर जेवलेली असू दे."

काजं करणारीने वाकून वाचलं. तिचा हात तसाच थांबला. "ताई... काका 'हरले' म्हणाले?"

आईने ते पुसायला फोनवर झडप घातली. पण डॉक्टरने वाचलं होतं. "काका, तब्येत बरी आहे ना? अंतराळात कसली आलीय जेवणाची वेळ?" चारदोन जण हसले.  धूमकेतूच्या नावाशेजारचा हिरवा ठिपका तेवढा विझला.

आईने चेन पुढ्यात ओढली. टाके उसवायला गेली तर टाके दिसेनात, नुसतं पाणी दिसे. ब्लेड बोटात गेलं. तिने बोट तोंडातही घातलं नाही, रक्त तसंच कापडावर ठिबकू दिलं. इतके दिवस हाताच्या अंतरावर बसवून ठेवलेली लेक, आणि एका काना-मात्रेने घालवली. काजं करणारीने चिंधी फाडून बोटाला गुंडाळली.

फोन थरथरला. गटावर नव्हे, एकट्या काकांच्या नावावर.

"अगं, जेवले. पण तू अशी भांडण अर्ध्यावर सोडून जाऊ नकोस."