दोन सेकंदांच्या आत

कुत्र्याचा शिकवणी वर्ग उद्या सुरू होणार होता. पोहण्याचे प्रशिक्षक म्हणून निवृत्त झालेले बाबा जुनं स्टॉपवॉच गळ्यात अडकवून तयारीला लागले. खाऊचे बारीक तुकडे करता करता मुलीने सूचना वाचून दाखवली, "बसला की दोन सेकंदांत शाबासकी. उशीर झाला तर कशाबद्दल, ते त्याला कळत नाही."

बाबांच्या तोंडाला शाबासकीची सवयच नव्हती. मुलीने पोहण्यात सुवर्णपदक आणलं, तेव्हाही "भिंतीपाशी वळताना वेळ घालवलास" एवढंच म्हणाले होते.

विसाव्या खेपेला बाबांना वेळेत जमलं. कुत्रा बसला, बाबांनी "शाब्बास" म्हणत तुकडा दिला. मग मुलीकडे पाहिलं.

"तुलाही शाब्बास. बावीस वर्षं उशीर झाला. कशाबद्दल, ते कळतंय ना?"

"कळतंय. पण वळताना मी वेळ घालवला नव्हता, बाबा."

"नव्हताच," बाबा म्हणाले. दोन सेकंदांच्या आत.