बंद काचेपलीकडचं बोलणं

"शाल्मलीचे कान एकदा तपासून घ्या," बालवाडीच्या बाई म्हणाल्या, तेव्हा मी चक्क हसले होते. माझी पाच वर्षांची लेक बंद खिडकीतून समोरच्या गॅलरीतल्या काकूंचं फोनवरचं बोलणं सांगायची! "काकू म्हणतायत, पीठ आंबलंच नाही." तिच्या कॉमिकमधली नायिका मैलभर लांबचं ऐकते, आमच्या घरातही तशीच एक आहे, असं तिचा बाबा ऑफिसभर सांगत फिरायचा.

एका दुपारी कॉमिक वाचताना तिनंच विचारलं, "आई, इतक्या लांबचं खरंच ऐकू येतं?"

"छे गं. आवाज वाटेतच विरतो. त्यात मध्ये काच असली तर..." मी फिजिक्स शिकलेली बाई, बोलता बोलता मीच थांबले. मग हिला कसं ऐकू येतं? बालवाडीच्या बाईंचं बोलणं आठवलं.

मी ओढणी तोंडासमोर धरली. "शालू, आइस्क्रीम खायचं?"

आइस्क्रीमसाठी उड्या मारणारी माझी पोर नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "ओढणी काढ ना, आई. तुझं बोलणं दिसत नाहीये."

आता तिच्या दोन्ही कानांत जांभळी श्रवणयंत्रं आहेत. काल मोहरी तडतडली, तशी ती धावत स्वयंपाकघरात आली. "आई, हे कोण बोलतंय?"

पेढे घेऊन बाईंकडे गेले आणि तेव्हा हसल्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, वेळेत आलात, बास झालं."

तुमच्याही घरात एखादं चलाख लेकरू असेल ना? आज त्याच्या पाठीमागे उभं राहा आणि हळूच हाक मारून बघा.