रविवारचं फडकं

गिऱ्हाईक यायला अजून अवकाश होता, तेवढ्यात म्हाताऱ्याने गाडीचं बॉनेट उघडलं. आज विकली जाणारी गाडी. तिचं ऑइल कशाला बघायचं? पण रविवार होता, आणि रविवारी सकाळी इंजिन गार असताना ऑइल बघायचं हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. बायकोने धुऊन ठेवलेलं पांढरं फडकं त्याने घेतलं, ऑइल मोजायची पट्टी ओढली, पुसली, परत आत घालून बाहेर काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "पुन्हा कमी."

ती पायरीवर गुडघे चोळत बसली होती. तिने नुसतं हं केलं.

मुलाने नवी मोठी गाडी आणली तेव्हापासून हे सुरू झालं होतं. घरासमोरची सपाट जागा नव्या गाडीला मिळाली आणि म्हाताऱ्याची गाडी कडेच्या उतारावर गेली. म्हातारा दर रविवारी पट्टी बघे, ऑइल कमी दिसे, तो वरून ओते. मग एके दिवशी बायकोला तिच्या बहिणीकडे नेताना गाडीने भर चौकात धूर सोडला. मेकॅनिक म्हणाला, इंजिनात गळ्यापर्यंत ऑइल भरलंय, कुणी भरलं? म्हातारा म्हणाला, मी माझ्या डोळ्यांनी बघून भरलंय. मेकॅनिकने जास्तीचं काढून टाकलं. मुलगा रागावला असता तर परवडलं असतं. तो समजुतीने बोलायला लागला, लहान मुलाशी बोलावं तसा. बाबांना आता कळत नाही, हे त्याने आपल्या बहिणीला फोनवर सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, डॉक्टरांना तर म्हाताऱ्यासमोरच सांगितलं. किल्ली स्वतःच्या खिशात घातली. आईने विचारलं, मग मी बहिणीकडे जायचं कसं? टॅक्सी करत जा, तो म्हणाला. त्यानंतर ती एकदाही गेली नव्हती.

गिऱ्हाईक आलं. भला माणूस होता. गाडी नीट बघता यावी म्हणून त्याने ती उतारावरून खाली रस्त्यावर घेतली आणि इंजिन बंद करून कागद चाळत बसला. म्हातारा थोडा वेळ चुळबुळत उभा राहिला. मग त्याला राहवेना. त्याने पुन्हा पट्टी काढली, पुसली, घातली, काढली.

ऑइल वरच्या खुणेला बरोब्बर टेकलं होतं.

त्याने एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा उताराकडे. गाडी सपाट जागेवर असल्याशिवाय पट्टी बघायची नाही, हे त्यानेच कधीकाळी मुलाला शिकवलं होतं. स्वतःची गाडी जन्मभर सपाटीवर उभी राहिलेली, म्हणून ते त्याच्या डोक्यातूनच गेलं होतं. चूक झाली होती खरी. पण डोकं फिरलं नव्हतं. त्याचं एवढं एक वाक्य कुणीतरी ऐकायला हवं होतं.

तो फाटकाशी उभ्या मुलाजवळ गेला आणि पट्टी पुढे धरून सगळं सांगू लागला. उतारावर कमी दिसतं, इथे बघ, बरोबर आहे, म्हणून मी ओतत गेलो. मुलगा घड्याळ बघत होता. त्याला कामासाठी दूरच्या शहरात जायचं होतं, रस्ता दिवसभराचा होता.

"बरं, बाबा," तो म्हणाला. "आता झालं ना ते."

गिऱ्हाइकाने म्हाताऱ्याचंच फडकं घेऊन हात पुसले, ते डिकीत टाकलं आणि गाडी नेली. फडकंही गेलं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत म्हातारा रस्त्यातच उभा होता.

मुलाने आपली बॅग नव्या गाडीत टाकली. वरून खिडकीतून सून म्हणाली, गाडीतला तो ऑइलचा लाल दिवा कालपण लागला होता, एकदा दाखवून घ्या. सेन्सर असेल, नवीन गाड्यांचं असंच असतं, असं म्हणत तो पाण्याची बाटली आणायला आत गेला.

म्हातारी उठली, आतून दुसरं फडकं घेऊन आली आणि तिने ते नवऱ्याच्या हातात दिलं. "बघा जरा त्याच्या गाडीचं," ती म्हणाली आणि परत पायरीवर टेकली.

त्याने बॉनेट उघडलं. पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. पुन्हा एकदा घातली. जागा सपाट होती, चुकायला वावच नव्हता. तो हाक मारायला वळला, तर मुलगा दारातच उभा.

"बाबा, माझ्या गाडीला हात लावू नका. तुम्हाला आता कळत नाही."

म्हाताऱ्याचं तोंड उघडलेलंच होतं. ते त्याने मिटलं. पट्टी जागेवर बसवली, बॉनेट हलक्या हाताने खाली आणून दाबलं.

"खरंय," तो म्हणाला. "नाही कळत."

मुलगा आईच्या पाया पडला, पोचल्यावर फोन करतो म्हणाला आणि गाडीत बसला. म्हातारा पायरीपाशी आला.

"बघितलंत?" तिने विचारलं.

"बघितलं."

"मग?"

त्याने फडकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि तो आत निघून गेला.

तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं. संसारभर तिने ही फडकी गरम पाण्यात सोडा घालून घासली होती, काळे डाग जात नाहीत म्हणून बोटं मोडली होती. ह्याच्यावर डाग नव्हता. एक ठिपकासुद्धा नाही.

गाडी फाटकाबाहेर पडत होती. फोन तिच्या शेजारीच पायरीवर होता. गाडी वळली, मोठ्या रस्त्याला लागली, आवाजही ऐकू येईनासा झाला. मग तिने फडक्याची घडी घातली. धुवायची गरज नव्हती. तिने ते तसंच नेऊन धुतलेल्या फडक्यांवर ठेवून दिलं.