फ्रिजमधल्या किल्ल्या

बायको सुनेत्रा गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मोरेश्वरांना हॉस्पिटलात पोहोचून दोन मिनिटं झाली होती. अ‍ॅम्ब्युलन्स तिला घेऊन पुढे गेली आणि ते घरभर गाडीच्या किल्ल्या शोधत राहिले. शेवटी शेजारच्या सुह्योनने त्यांना आपल्या गाडीतून आणलं.

संध्याकाळी पाण्यासाठी त्यांनी फ्रिज उघडला. आत अंधार होता. ताकाच्या पातेल्याशेजारी किल्ल्या होत्या.

सुह्योन शेजारी राहणारी, युनिव्हर्सिटीत शिकणारी कोरियन मुलगी. पैसे नव्हते म्हणून ती त्यांच्याच स्वयंपाकघरात पिक्चर काढत होती. फ्रिजची घरघर माइकमध्ये येते, म्हणून शॉटआधी तो बंद करायचा आणि गाडीच्या किल्ल्या आत ठेवायच्या. म्हणजे फ्रिज चालू करायचं विसरून कोणी घरी जाऊ शकत नाही. हे काम सुनेत्राने आपणहून घेतलं होतं. किल्ल्या मात्र स्वतःच्याच गाडीच्या ठेवायची. "पोरांच्या कशाला गार करायच्या?"

त्या सकाळी शॉट चालू असतानाच ती ओट्यापाशी खाली बसली. नंतरच्या धावपळीत किल्ल्या कुठे आहेत हे मोरेश्वरांना आठवलं नाही. सुह्योनलाही नाही.

तिसऱ्या दिवशी समोरच्या दीपाने फ्रिज रिकामा करून पुसला.

"काका, आत किल्ल्या आहेत. काढू?"

"राहू दे."

"बरं, प्लग तरी लावते."

"दीपा, राहू दे म्हटलं ना."

चार महिने ते रोज चालत जाऊन दुधाची लहान बाटली आणत होते.

डिसेंबरात सुह्योन सेऊलहून परत आली. तिथे कमी खर्चात काढलेल्या पिक्चरांना एक बक्षीस देतात, ते तिला मिळालं होतं. तळहाताएवढा काचेचा ठोकळा. तिने तो दोन्ही हातांनी पुढे केला.

"हे काकूंच्या घरी ठेवायचंय." बाकी सगळं इंग्रजीत, 'काकू' तेवढं मराठीत.

"बक्षीस तुझं. इथे कशाला?"

"अंकल, त्या सकाळचा शॉट मी पिक्चरमध्ये ठेवलाय. नुसती खिडकी दिसते. काकूंचा आवाज येतो, 'फ्रिज बंद, आता कोणी बोलू नका.' मग शांतता. पुढचं कापलंय. शनिवारी युनिव्हर्सिटीत दाखवणार आहेत. तुम्ही नको म्हणालात तर आवाज काढते."

मोरेश्वरांनी खिडकीकडे पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले.

सुह्योन पाणी घ्यायला उठली. तिने फ्रिज उघडला आणि दार धरून तशीच उभी राहिली.

"त्या दिवशी मी 'कट' म्हणालेच नाही," ती म्हणाली.

"मग आता म्हण."

"कट."

मोरेश्वरांनी किल्ल्या बाहेर काढल्या. त्या गार नव्हत्या. शनिवारी गाडी त्यांनीच चालवली आणि पिक्चर शेवटपर्यंत पाहिला.

काचेचा ठोकळा फ्रिजवर ठेवला आहे. प्लग अजून लावलेला नाही.