बोट जाईल एवढं भोक

"गाठ फक्त उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आहे, डावा डोळा स्वच्छ आहे. घरात कुठून तरी ऊन येतंय, ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कमलला मिरच्या झोंबल्या. गौतमीच्या अंगाला जन्मापासून ऊन सोसत नव्हतं, म्हणून कमलनं घराच्या सगळ्या खिडक्या काळ्या कागदानं बुजवल्या होत्या, दाराच्या फटीसुद्धा. ती कांद्याच्या खळ्यावर कामाला गेली की नऊ वर्षांची लेक त्या अंधारात दिवसभर एकटी असायची. ऊन शिरणार कुठून? डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली गौतमी मात्र मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत राहिली.

गाठ काढून दोघी घरी परतल्या, तशी कमल चिकटपट्टी घेऊन एकेक कागद चाचपू लागली. मागच्या खिडकीला, बरोबर लेकीच्या उंचीवर, बोट जाईल एवढं भोक सापडलं.

"भवाने! डोळ्यापेक्षा बाहेरच्या पोरांचा खेळ प्यारा झाला का गं तुला?"

डोळ्यावर पट्टी बांधलेली गौतमी भिंतीला टेकून खाली बसली.

भोक बुजवण्याआधी कमलनं त्याला स्वतःचा डोळा लावून पाहिला. पोरं दिसली नाहीत, की त्यांचं मैदानही दिसलं नाही. दिसला तो फक्त रस्त्याचा एक तुकडा आणि त्याच्या कडेचं लिंबाचं झाड. रोज चार वाजता खळ्यावरची गाडी कमलला त्याच झाडाखाली उतरवून जायची.