अवनीला वाचवताना

हत्तिणीने पुष्करला सोंडेत धरून उचललं आणि पलीकडच्या काठावरच्या खडकावर आपटलं. एकदा नाही, दोनदा. मग त्याच्या छातीवर पाय दिला. नदी अरुंद होती. अलीकडच्या काठावरच्या मुलांना हाडं मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

राधा किंचाळली. कॉलेजचे सर पाण्याकडे धावले, त्यांना दोघांनी कमरेला धरून मागे खेचलं.

अवनी तिथेच वाळूत निपचित पडली होती. हत्तीण तिच्याकडे वळली. आता हिलाही चिरडणार, म्हणून राधाने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा हत्तीण अवनीला पोटाखाली घेऊन उभी होती. माहुतांनी भाले टोचले, कानामागून रक्ताची धार लागली, तरी ती हलेना. शेवटी दुसऱ्या हत्तींना साखळदंड जोडून तिला ओढून काढावं लागलं.

पुण्याच्या एका मॅनेजमेंट कॉलेजची ही मुलं थायलंडला अभ्याससहलीला आली होती. कंपन्या बघून झाल्या होत्या. शेवटचा दिवस मजेचा, म्हणून म्हाताऱ्या हत्तींच्या या अभयारण्यात.

सकाळी बसमध्ये पुष्कर आणि अवनी वेगवेगळे बसले, तेव्हा राधाने तिला विचारलं होतं, "भांडलात का गं?"

"छे. माझ्या बेंगलोरच्या नोकरीचं बोलणं चाललंय."

"जा म्हणतोय ना?"

"म्हणेल," अवनी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

त्या दोघांचं लग्न ठरल्यात जमा होतं. घरच्यांनाही माहीत होतं. दुपारी सगळे हत्तींना आंघोळ घालायला नदीत उतरले आणि ही दोघं बोलत बोलत पलीकडे गेली. मग पाणी खळबळल्याचा आवाज आला. राधाला दिसलं ते इतकंच: अवनी बुडतेय, हातपाय झाडतेय, पुष्कर तिच्यावर वाकून तिला ओढतोय, आणि हत्तीण पाणी उडवत सरळ त्याच्या अंगावर येतेय.

तिने पोलिसांना तेच सांगितलं. पुण्याच्या वर्तमानपत्रांतही तेच आलं. मैत्रिणीला वाचवताना पुण्याच्या तरुणाने प्राण दिले.

पुष्करचे दिवस व्हायच्या आतच अवनीचे वडील, दत्तप्रसाद, तिला घेऊन वारज्याहून त्याच्या घरी आले.

"बसा," पुष्करचे वडील, श्यामसुंदर, म्हणाले. "चहा विचारत नाही."

"हिला अजून बोलता येत नाहीये," दत्तप्रसाद म्हणाले. "हत्तिणीने सोंडेने गळा आवळला ना. कागद दिला, तर हात मागे घेते. पण इथे यायचंच म्हणून हट्ट धरून बसली."

"बोलून आता काय व्हायचंय?"

तेवढ्यात फोन वाजला. अभयारण्याच्या लोकांचा. हत्तिणीला गोळी घालायची की नाही, ते मुलाच्या आईवडिलांना विचारून ठरवू, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. श्यामसुंदरांनी रिसीव्हर उचलला.

अवनी ताडकन उठली. तिने त्यांचा हात धरला, जोरजोरात मान हलवली. घशातून नुसती घरघर आली.

"सोड!" श्यामसुंदरांनी तिला इतक्या जोरात ढकललं की ती भिंतीवर आपटली. "पोरगा गेला माझा. तुझ्यासाठी गेला. आणि तुला त्या जनावराची दया येते?"

"अहो!" पुष्करची आई, मंदाकिनीबाई, पुढे आल्या. त्यांनी अवनीला सावरलं, जवळ घेतलं. "घाबरली आहे हो ती. तिचं काही मनावर घेऊ नका."

मग त्या देवघरातून सोन्याची साखळी घेऊन आल्या. "सुनेसाठी केली होती. त्याची आठवण म्हणून तुझ्याकडेच राहू दे. माझ्या पुष्करने जीव लावला होता तुला."

साखळी घालायला त्यांनी अवनीची ओढणी बाजूला केली. अवनी डोळे मिटून उभी राहिली.

गळ्यावरचे व्रण आता हिरवट पडले होते. कंठाच्या दोन्ही बाजूंना एकेक गोल डाग. मानेच्या डाव्या अंगाला चार, उजव्या अंगाला चार, एकाखाली एक.

मंदाकिनीबाईंनी साखळी मुठीत घट्ट धरली. फोनवर श्यामसुंदर ओरडून सांगत होते, येस, शूट, शूट.

"अहो, नको म्हणून सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "हत्तीला बोटं नसतात."